चष्मा घालून उभं राहू नये

दानेश्वरीबद्दल लिहायचं तर आधी सांगून टाकते, ती मला आवडत नाही. माणसाबद्दल लिहायला माया लागते असं म्हणतात. मला पटत नाही. माया असली की आपण एकदा बघतो आणि समाधानानं कामाला लागतो. जिच्यावर आपण जळतो तिच्याकडे मात्र दिवसभर बघत राहतो. दानेश्वरीच्या वेणीचे पेड, तिच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, डब्यातली शेंगाचटणी ती बोटानं कशी कालवते ते, हसताना आधी मान मागे टाकते ते, सगळं मला पाठ आहे. तिच्या नवऱ्यालाही एवढं सांगता येणार नाही.

मी हेमावती. नवी पेठेत साड्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथे नोकरीला आहे. मी लागले तेव्हा आमच्या दुकानात साडी पुरुषच विकायचे आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवायचे. आमचे बसलिंगप्पा काका अजून दाखवतात. पोटावरून निऱ्या धरून, मिशीतल्या मिशीत हसत, "बघा ताई, कशी खुलतीय," म्हणतात, आणि गिऱ्हाईक घेतंही. मोठ्या मालकांनी, म्हणजे ईश्वरप्पांनी, मला ठेवलं तेव्हा लोक दारात थांबून बघायचे. मला त्याचा अभिमान होता. दुकानातली पहिली बाई मी. हे तुम्ही तरी लक्षात ठेवा, कारण दुकानात कोणी ठेवलेलं नाही.

दुकान कसं आहे ते सांगायला हवं. रस्त्याच्या बाजूला काचेचं काउंटर. आत दोन पायऱ्या चढून गादी. चांगली खोलीभर गादी, वर पांढरीशुभ्र चादर, भिंतीला लोड. काउंटरवर रोजच्या साड्या विकतात, उभ्यानं. लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींची सगळी कापडखरेदी, गादीवर बसून होते. चहा येतो, म्हाताऱ्या बायका ऐसपैस बसतात, मानापानावरून रुसवेफुगवे होतात, मिटतात, आणि साड्यांचा ढीग वाढत जातो. खरा विक्रेता तो, जो गादीवर बसतो. गादीवर पुरुष बसायचे, बायका काउंटरला उभ्या राहायच्या. तसा नियम कोणी लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती.

नोकरी लागली त्या वर्षी एकदा मी गादीच्या कडेला टेकले होते. चपलेचा पट्टा सुटला होता, तेवढा लावायला. बसलिंगप्पा काका खोकले. म्हणाले, "हेमावती, गादी हाय ती. लक्ष्मीची जागा." मी उठले आणि पुन्हा कधी टेकले नाही. गादीची चादर मात्र दर दिवाळीला मीच बदलते, कोपरे ओढून, एक सुरकुती न ठेवता. त्यासाठी गादीवर रांगलं तर चालतं. बसलं तर चालत नाही. तुम्हाला हसू येईल, पण मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा त्या गादीवर लोडाला टेकून, मांडी घालून, एक बस्ता दाखवायचा होता.

ईश्वरप्पा थकले, घरी बसले, आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, राजशेखरकडे आलं. तोंडावर मी त्याला मालक म्हणते, मनात राजूच. चड्डीत असल्यापासून बघितलाय. पूर्वी तो मला हेमाक्का म्हणायचा. पुण्याला कसलासा कोर्स करून आला आणि हेमा मॅडम म्हणायला लागला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्यानं आरसे लावले, एसी लावला, आणि एका सकाळी आम्हा बायकांना रांगेत उभं करून सांगितलं, "गिऱ्हाईक आधी तुम्हाला बघतं, मग साडीला." मग नियम आले. केस मोकळे सोडायचे. लिपस्टिक लावायची. उंच टाचेच्या चपला घालायच्या, कारण टाच उंच असली की निऱ्या चांगल्या पडतात. कपाळाला साडीशी जुळणारी टिकली, विभूती नको, विभूतीनं बाई म्हातारी दिसते. आणि चष्मा तर नकोच, चष्म्यातली बाई मास्तरीण वाटते, गिऱ्हाईक दबतं. पुरुषांना एवढंच सांगितलं की तोंडात तंबाखू धरून बोलू नका. तेही त्यांनी ऐकलं नाही. बसलिंगप्पा काकांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असतात आणि नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. ते मंगल दिसतं म्हणे.

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे. त्यामुळे नियमांचा बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर 'लेडीज स्टाफसाठी' असं ठळक लिहून खाली सगळं सुवाच्य उतरवलं. चष्म्याचा नियम लिहिताना माझ्या नाकावर चष्मा होता. तो मी असा लिहिला: 'चष्मा घालून काउंटरवर उभं राहू नये.' वाक्य मला चांगलं ठसठशीत वाटलं. बोर्ड काउंटरच्या मागे लागला, आणि रोज सकाळी मुलींचे चेहरे तपासायचं कामही माझ्याकडेच आलं. पगार तोच राहिला, पण टिकल्यांचा डबा माझ्या ताब्यात आला.

मी सगळे नियम पाळले. डोळ्यांत लेन्स घातल्या. एसीच्या वाऱ्यानं त्या कोरड्या पडतात, मग मी मागच्या गोदामात जाऊन थेंब घालून येते. टाचा घातल्या. पहिल्या वर्षी पोटऱ्या दुखल्या, मग कंबर, मग गुडघे, आणि मग दुखतंय हे मी कोणाला सांगायचंच सोडून दिलं. घरी सासूबाईंना लिपस्टिक चालत नाही. म्हणून संध्याकाळी रिक्षातून उतरले की गल्लीच्या तोंडाशी रुमालानं ओठ पुसते, केस बांधते, लेन्स काढून चष्मा लावते, आणि मग घरात शिरते. दुकानात लिपस्टिक नसली तर बोलणी, घरी असली तर बोलणी. इतकी वर्षं मी दोन तोंडं सांभाळली आणि दोन्ही नीट सांभाळली.

आणि मग दानेश्वरी आली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिला बघूनच कोणी केली असावी. कुंभारी गावची. रोज वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन यायची. पहिल्या दिवशी तेल लावलेली घट्ट वेणी, कपाळावर विभूतीचं बोट, जाड चष्मा आणि पायात रबरी चपला. मी टिकल्यांचा डबा घेऊन समोर उभी राहिले.

"विभूती पुस," मी म्हणाले.

"पुसते की." तिनं पदरानं पुसली.

"केस सोड."

"सोडते की अक्का. निस्तं साडीच्या पिनंत गुततील, तेवडं बगा."

"चष्मा काढ."

यावर मात्र ती थांबली. "त्यो काडला तर मला तुमी पन दिसायच्या न्हाईत."

"लेन्स लाव. मी लावते."

ती वाकून माझ्या डोळ्यांत बघत राहिली. "म्हनून लाल हायत व्हय," ती म्हणाली, "मला वाटलं घरनं रडून येता."

माझं आणि तिचं तिथेच बिनसलं.

लेन्स तिला जमल्या नाहीत. डॉक्टरनं तपासून सांगितलं की हिच्या डोळ्यांना त्या सोसायच्या नाहीत. मग ती चष्मा पर्समध्ये ठेवून काउंटरला उभी राहायला लागली. मला वाटलं, आठवड्यात कंटाळून जाईल. झालं उलटंच. नीट दिसत नसल्यामुळे ती गिऱ्हाइकाच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोलायची, आणि बायकांना तो जिव्हाळा वाटायचा. अक्कलकोटकडच्या बाया आल्या की ती कानडीत सुरू व्हायची, करमाळ्याकडच्या आल्या की त्यांच्यासारखी बोलायची. कुणाची मुलगी, कुठं दिली, सासू कशी आहे, सगळं दोन मिनिटांत काढून घ्यायची. मी एवढ्या टाचा झिजवल्या, पण माझं नाव विचारत कोणी दुकानात आलं नाही. तिचं नाव महिन्याभरात लोक विचारायला लागले. "ती कुंभारीची पोरगी कुटाय?" असं म्हणत बाया माझ्यासमोरून पुढे जायच्या. माझ्या पोटात अक्षरशः दुखायचं.

संध्याकाळी तिचा नवरा गुरुशांत टेम्पो घेऊन यायचा. मागे चादरींचे गठ्ठे, पुढे देवाचा फोटो. टेम्पोपाशी गेल्या गेल्या ती टाचांच्या चपला काढून हातात घ्यायची, वेणी घालायची, चष्मा लावायची आणि अनवाणी पाय वर घेऊन सीटवर बसायची. तो तिला बघून हसायचा. तिनं काही पुसलं नाही, काही लपवलं नाही. लिपस्टिक असली तरी त्याला चालायची, नसली तरी चालायची. कुंभारीत उतरताना ती कोण असते आणि नवी पेठेत कोण असते, यात फरक फक्त चपलांचा होता. मी रिक्षाची वाट बघत रुमाल चाचपत उभी असायचे आणि तो टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघायचे.

त्या टेम्पोला रोज भाडं मिळायचं नाही. घर तिच्या नोकरीवर चालत होतं. हे मला माहीत होतं, कारण तिच्याबद्दलचं सगळंच मला माहीत होतं.

लग्नसराईच्या तोंडावर अक्कलकोटच्या सुंदरम्मा आल्या. मोठं गिऱ्हाईक, दुकानाशी जुनं नातं. सोबत सातव्या महिन्यातली मुलगी. डोहाळजेवणाला हिरवी साडी हवी होती. बसलिंगप्पा काका गादीवर दुसऱ्यांचा बस्ता दाखवत होते म्हणून सुंदरम्मा काउंटरला आल्या, आणि दानेश्वरीनं त्यांना हाताला धरून आरशासमोर नेलं. म्हणाली, "गर्द हिरवी दाखवते काकू, अशी खुलंल की बगत ऱ्हाशीला." मागच्या फळीवरून साडी ओढली, एका झटक्यात उलगडली आणि त्या मुलीच्या खांद्यावर टाकली.

साडी काळी होती. सोनेरी काठाची, संक्रांतीसाठी आणलेल्या मालातली उरलेली, काळी कुळकुळीत.

मुलीनं आरशात बघितलं आणि तिचा हात पोटावर गेला. सुंदरम्मांनी साडी ओढून खाली टाकली. "पोटुश्या पोरीच्या अंगावर काळं घालतीस? दिसत न्हाय का तुला?"

"न्हाय दिसत काकू," दानेश्वरी म्हणाली. ती खरंच तेच सांगत होती, पण ऐकणाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. सुंदरम्मा मुलीला घेऊन तशाच बाहेर पडल्या.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतके दिवस पोटात दुखत होतं ते थांबलं.

राजशेखरनं तिला सगळ्यांसमोर झापलं. ती मान खाली घालून उभी राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मालक, चष्मा घालू द्या की. मग न्हाय व्हायचं असं."

"चष्मा घालून काउंटरला दिसलीस तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही," तो म्हणाला. "आणि अशी चूक पुन्हा झाली तरी यायचं नाही." एवढं बोलून तो माल आणायला सुरतेला निघून गेला. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आता ही किती दिवस टिकते ते मी मनाशी मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती आली, पर्समधून चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला आणि लावला. मी टिकल्यांचा डबा आपटला. ती माझ्याकडे न येता बोर्डासमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. त्या वाक्यापाशी थांबली. पुन्हा वाचलं.

"हे तुमीच लिवलंय न्हवं अक्का?"

"हो."

"अक्षर लई गोड हाय."

मग तिनं टाचांच्या चपला काढून काउंटरखाली सारल्या, दोन पायऱ्या चढली, आणि गादीवर जाऊन मांडी घालून बसली. लोडाला टेकून.

बसलिंगप्पा काका खोकले. ती हलली नाही. ते पुन्हा खोकले. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"अगं ए बाई, गादी हाय ती," काका म्हणाले. "लक्ष्मीची जागा."

"लक्ष्मी बाईच की काका," दानेश्वरी म्हणाली.

काकांनी तांब्या तोंडाला लावला. आणि माझ्या अंगाची आग आग झाली, ती त्यांच्यासाठी नव्हे. ते वाक्य माझं होतं. चपलेचा पट्टा लावत मी तिथे टेकले होते, त्याच दिवशी ते माझ्या घशात आलं होतं. इतकी वर्षं मी ते गिळून बसले आणि ही काल आलेली पोरगी तांब्या सरकवता सरकवता ते बोलून गेली. एखाद्यानं आपलं साठवणीतलं लुगडं आपल्यासमोर नेसून फिरावं, तसं मला झालं.

"आणि बोर्डावर 'उभं राहू नये' असं हाय," ती पुढे म्हणाली. "बसू नये असं कुटं हाय? अक्कांनीच लिवलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी गोदामात जाऊन सुरतेला फोन लावला. राजशेखर म्हणाला, "आता मला वेळ नाही. मी आल्यावर बघतो. तोवर तुम्ही सांभाळा." मी काय सांभाळणार? गादीवर ती होती आणि काउंटरला मी उभी होते.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गादीवर बाई बसलीय म्हटल्यावर पेठेतल्या बाया मुद्दाम आत यायला लागल्या. नवऱ्या मुली तिच्या कानाशी लागायच्या. ब्लाउज किती सैल हवा, पोट दिसू नये म्हणून निऱ्या कुठे खोचायच्या, असलं काय काय बसलिंगप्पांसमोर बोलता येत नाही ते सगळं निघायचं. काका आधी भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग हळूहळू तेच तिला फळीवरून साड्या काढून द्यायला लागले. आयत्या बिळावर नागोबा, मी म्हणायचे, पण मनात. आणि रोज सकाळी बाकीच्या मुलींच्या कपाळावर टिकल्या तपासताना माझी नजर तिच्या कपाळावर जायची. तिनं विभूतीचं बोट पुन्हा ओढायला सुरुवात केली होती. म्हणाली, "त्ये बी काउंटरवाल्यांनाच हाय की अक्का." तसं तर मी लिहिलेलंच नव्हतं, पण वाद घालायला मला तोंड उरलं नव्हतं.

सुंदरम्मा परत आल्या. मालकाकडे तक्रार करायला आल्या होत्या, मालक नव्हता. गादीवर चष्म्यातली पोरगी बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आगं, तुला चष्मा हाय व्हय? मग त्या दिशी कुटं ठेवला हुतास?"

"तितं टांगला हुता काकू," दानेश्वरी म्हणाली आणि बोर्डाकडे बोट केलं.

सुंदरम्मांनी बोर्ड वाचला. मग माझ्या टाचांपासून लिपस्टिकपर्यंत मला बघितलं. गादीवर चढल्या आणि मुलीसाठी हिरवी साडी घेऊनच उतरल्या.

राजशेखर आला तेव्हा गादीवर केम गावच्या लग्नाचा बस्ता चालला होता. मायाक्का नावाची सत्तरीची आजी, तिची नात, सुना, एवढा गोतावळा, आणि मधोमध दानेश्वरी. गिऱ्हाइकासमोर त्याला ओरडता येईना. तो मला बाजूला घेऊन दातओठ खात म्हणाला, "मॅडम, 'उभं राहू नये' म्हणजे काय? कुणी लिहायला सांगितलं होतं असं? आत्ता दुरुस्त करा. उभं राहू नये व बसू नये. संध्याकाळी तिला बोर्ड दाखवा आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा." मार्कर माझ्या हातात कोंबला. "ती गेली की सीझनभर बाकीच्या मुली तुमच्या हाताखाली."

एवढे दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हातात आलं होतं. दोन शब्द लिहायचे होते. मी काउंटरच्या मागे गेले, बोर्डासमोर उभी राहिले आणि मार्करचं टोपण काढायला गेले. बोर्ड मला दिसेना. सकाळपासून लग्नाची गर्दी होती, थेंब घालायला वेळ मिळाला नव्हता, लेन्स वाळून डोळ्यांत रुतल्या होत्या. माझंच अक्षर, आणि मला निळे डाग दिसत होते. मी लेन्स काढल्या, पर्स उघडली, आणि गल्लीच्या तोंडाशी लावायचा तो माझा चष्मा लावला.

सगळं स्वच्छ दिसलं. अक्षर खरंच गोड होतं. 'बसू नये' लिहायला शेजारी जागाही होती. मी तिथे ते लिहिलं असतं तर दानेश्वरी उद्या गेली असती. पण ते तिच्या एकटीसाठी राहिलं नसतं. तोवर ती गादी मला नाकारणारा फक्त एक खोकला होता. आता मीच माझ्या सुंदर अक्षरात ती मला नाकारणार होते. दानेश्वरीसाठी माझा जीव तुटला असं कोणी समजू नये. तिचं काहीही होवो. मला फक्त ती जिथे बसलीय तिथे बसायचं होतं.

मागून बसलिंगप्पा काका खोकले. "हेमावती, चष्मा," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. चष्मा घालून काउंटरवर उभं राहू नये. मी टाचांच्या चपला काढल्या, मार्कर टोपणासकट काउंटरवर ठेवला आणि दोन पायऱ्या चढले.

दानेश्वरीनं वर बघितलं. आश्चर्य नाही, काही नाही. "सरका वं जरा," ती केमच्या सुनांना म्हणाली, "अक्का बसत्यात." आणि तिच्या शेजारी जागा झाली. पांढरी चादर, मी घातलेली. लोड. समोर उलगडलेला शालू. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली वाकले आणि मांडी घालायला गेले.

गुडघे वळेनात.

उजवा थोडा दुमडला आणि मध्येच अडला. डावा तेवढाही नाही. हातानं पाय ओढून बघितला, डोळ्यांत पाणी आलं. घरी मी खुर्चीत बसते, दुकानात उभी असते, मांडी घालायचा प्रसंग कधी आलाच नव्हता, म्हणून मला कळलंच नव्हतं. चादर घालताना नुसते कुरकुरायचे. एवढी वर्षं टाचांवर उभं राहून निऱ्या चांगल्या पाडल्या आणि त्या निऱ्यांच्या आत माझे गुडघे जागच्या जागी गोठून गेले होते. समोर सत्तरीची मायाक्का मांडी घालून बसली होती, मांडीत पानाची चंची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लेकी, तुजं वय काय गं?"

दानेश्वरीनं एक लोड ओढून माझ्या गुडघ्यांखाली सारला आणि म्हणाली, "पाय लांब सोडा अक्का. कोन बगतंय." गादीवर गिऱ्हाइकाकडे पाय करून बसू नये असा संकेत आहे. म्हणून मी भिंतीच्या बाजूला तोंड वळवून, पाय पसरून बसले. बाळंतिणीसारखी. माझ्या गादीवर.

राजशेखर पायऱ्यांपाशी आला. खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बोर्ड."

"चष्मा घातलाय मालक," मी म्हणाले. "उभं राहता येत नाही."

केमच्या सुना हसल्या. त्याला वाटलं मी त्याला उलटं बोलले. मी आपलं खरं तेच सांगत होते, उठायलाही मला दोघींचा आधार लागणार होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग शालूंच्या ढिगाकडे, मग मायाक्काकडे, आणि गल्ल्यावर जाऊन बसला. रात्री दुकान बंद करताना त्यानं तो बोर्ड स्वतःच खाली उतरवला. नवा अजून लागलेला नाही. दानेश्वरीला 'येऊ नको' कोणी म्हणालं नाही.

आता मी चष्मा लावून सपाट चपलांत दुकानात येते. गादीवर माझी भिंतीकडची जागा आहे, गुडघ्यांखाली लोड आहे, आणि बसलिंगप्पा काका मला बघून खोकत नाहीत. हवं ते मिळालं म्हणायला हरकत नाही. पण माझ्या जळण्यात काडीचा फरक पडलेला नाही. पहिल्यांदा गादीवर बसले त्या दिवशीही मायाक्कानं मध्येच वरच्या फळीवरची जांभळी साडी मागितली. मी सवयीनं उठायला गेले, लोडावर हात टेकला, आणि तशीच राहिले. माझ्या शेजारून दानेश्वरी, मांडी सोडून, कशालाही हात न टेकता, उठून उभी राहिली.